मनगटावरची चार बोटं

मेलिपिया, ११ जानेवारी १९८७

माइते,

आधी ‘प्रिय’ लिहिलं आणि खोडलं. मागच्या पत्रात म्हणे मी ते नऊ वेळा लिहिलं होतं. तू मोजलंस आणि उत्तरात आकडा कळवलास. म्हणून या पत्रात एकदाही नाही. तुला वाटेल तिथे मनाने घालून वाच.

बातमी अशी की आपल्याकडे सिनेमा आलाय. थेटरात नव्हे, रस्त्यावर. सान अंतोनिओच्या वाटेवर सुनिल्दाबाईंची खानावळ होती ना, जिथे त्या भूकंपात आपल्या एलियासवर भिंत पडली, तिथून अर्ध्या कोसावर परदेशी कंपनीने तशीच दुसरी खानावळ उभी केलीय. भिंती फोमच्या, वर मातीचा रंग. एका हाताने उचलता येतात. त्या दिवशी आमच्या बसमध्ये एक गोरं जोडपं होतं, मी तुला सांगितलं होतं. पहिल्या थरथरीलाच ताटं टाकून ती दोघं रस्त्यावर पळाली आणि सगळी खानावळ त्यांना हसली. त्यातल्या बाईने मायदेशी गेल्यावर साप्ताहिकात तो सगळा प्रसंग लिहिला, तो कुणीतरी विकत घेतला आणि त्याचा भयपट चाललाय. प्रवाशांची बस जेवायला थांबते, भूकंप होतो, थोडे वाचतात, आणि मग मेलेले त्या वाचलेल्यांना हुडकत येतात. मी दिग्दर्शकाला म्हटलं, साहेब, आमच्याकडचे मेलेले असलं काही करत नाहीत. ते रस्त्याच्या कडेला, पडले त्या जागी लोकांनी बांधलेल्या देवळीत बसून लोकांची कामं करून देतात. दुभाष्याने सांगितलं तेव्हा तो हसला आणि वहीत लिहून घेतलं.

मला तिथे काम मिळालंय. आधी खोकी उचलत होतो, आता मी ‘भूकंपाचा जाणकार’. मेंदूत भरलेलं इंजिनिअरिंग दुसऱ्याच वर्षी ओतून दिलं, त्याचा शेवटी हा उपयोग. कौलं आधी वाजतात की बाटल्या, कुत्री कधी भुंकतात, ते मी सांगायचं.

शुक्रवारी पहिला प्रसंग घेतला. खालची फळी यंत्राने हलवायची आणि आपल्या गावचे तीस लोक ओरडत पळायचे. फळी हलली. तीसच्या तीस जण जागेवर बसून! प्रत्येकाने सांडू नये म्हणून फक्त आपापला पेला धरला. दिग्दर्शक कर्ण्यातून बोंबलतोय, “पळा! पळा!” तर न्हावी म्हणतो, “एवढ्याशाला? पाचाचासुद्धा नाहीये हा!” मागून कुणीतरी ओरडलं, “उठला तो ग्रिंगो!” आणि त्या गोऱ्या परदेशी माणसादेखतच सगळे खो खो. तो बिचारा डोकं धरून बसला. शेवटी त्याने प्रत्येकाला पळायला शिकवलं. आपल्या लोकांना भूकंपात पळायला शिकवायला परदेशातून माणूस आणावा लागला, माइते.

त्यांना एलियासची गोष्ट कळलीय. सुनिल्दाबाईंना काढायला तो परत आत गेला आणि जीव गमावून बसला, ती. इथे कोणाला माहीत नाही? त्याच्या देवळीवर आता एकवीस पाट्या झाल्यात, ‘केलेल्या कृपेबद्दल आभार’. खानावळीत काम करणाऱ्या बायका नवस फिटला की एप्रन आणून बांधतात. ट्रकवाले हॉर्न देतात. तुझी आई दर सोमवारी लेकाच्या देवळीतली फुलं बदलते. मानलेली असली तरी मावशी माझीच; बरी आहे, तुझ्याहून जास्त हसते. गोष्ट त्यांना सिनेमात घ्यायचीय. मावशीने हो म्हटलंय.

नाताळात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. तू दोन वर्षांनी मोठी आहेस हे कारण चालणार नाही, ते तुझं तुलाच पटत नाही. फोनवर तू बोलणार नाहीस हे ठाऊक आहे, तिथे फोनच्या दुकानात सगळी रांग कान देऊन उभी असते म्हणतेस. मग लिही. दोन अक्षरं पुरतील. तुमच्या त्या टोकाच्या बेटावर शाई गोठत असेल तर पेन्सिलीने.

तुझा (हे खोडणार नाही)
फाबियान

*

पोर्व्हेनीर, २४ जानेवारी

फाबो,

शाई गोठत नाही, उन्हाळा आहे. फक्त वारा इतका की परवा दवाखान्याची चादर वाळत घातली ती बंदरावर सापडली. या आठवड्यात तीन बाळंतपणं केली. तिसरीचा नवरा मेंढ्यांचा डॉक्टर. बाहेर उभा राहून मला ‘असं ओढा, तसं ओढा’ सांगत होता. म्हटलं, महाराज, ही तुमची मेंढी नव्हे. त्याचा धाकटा भाऊही मेंढ्यांचा डॉक्टर, तो मला दर रविवारी कोकरू भाजायला बोलावतो. हे तुला जळवायला लिहिलंय. लगेच दात खाऊ नकोस, मी जात नाही.

न्हाव्याचं वाचून इतकी हसले की शेजारची नर्स धावत आली. मग एकटी असताना रडले. एलियासही असाच बसला असता, पेला धरून.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. मी हे तुला कधी सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

सोमवारी सकाळी त्याने दवाखान्यात प्राण सोडला तेव्हा मी सान्तियागोहून पोचले होते. त्याला आंघोळ मीच घातली. सुईणीचं शिकत होते, हात धीट होते. मी म्हटलं, परक्या माणसाने घालायची नाही. अंगभर माती. पुसता पुसता डाव्या मनगटाशी आले. तिथे चार बोटांचे वळ होते, काळेनिळे, एकापाशी एक, आणि आतल्या बाजूला अंगठा. ढिगाऱ्याचे वळ असे नसतात. कुणीतरी त्याला घट्ट धरलं होतं, जिवाच्या आकांताने.

तू त्याच्या शेजारी होतास. तू कधी बोलला नाहीस, पण मला त्याच क्षणी कळलं. तो आत निघाला आणि तू त्याला सोडत नव्हतास. त्याने हिसडा दिला असेल. लोक त्याला आठवतात, बरोबरच आहे. मी मात्र ज्या हाताने त्याला धरून ठेवायचा प्रयत्न केला तो आठवत असते. तू तापट आहेस, कॉलेज सोडलंस, कुठे टिकत नाहीस, सगळं मान्य. तरी ते चार वळ पाहिलेत मी. तू दोन वर्षं त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस, फुशारकी मारली नाहीस. म्हणूनच तुला नाही म्हणवत नाही.

रजा मंजूर झाली तर तीन मार्चला येते. दुसऱ्या पुण्यतिथीला देवळीपाशी आपण सगळे असू, तेव्हा आईसमोर उत्तर देईन. काय देईन ते तुला आता कळलंच असेल, गाढवा.

माइते

*

मेलिपिया, २ फेब्रुवारी

माइते,

तुझं पत्र मिळालं.

कोकरू खायला खुशाल जा. मला कशाला सांगतेस? मी तुला बांधून ठेवलेलं नाही. तो शिकलेला आहे, दोन पैसे मिळवतो, रागावत नसेल. मेंढ्यांवर रागावून चालत नाही.

आणि त्या मनगटाचं पुन्हा लिहू नकोस. माणूस मेलाय, त्याच्या अंगावर काय होतं आणि काय नव्हतं याचा हिशेब कशाला? दगड-लाकडं पडतात, शंभर प्रकारचे वळ उठतात. तू तेव्हा अजून विद्यार्थिनी होतीस, फार कळत होतं अशातला भाग नाही.

हे वाचून तुला वाईट वाटेल. वाटू दे.

इकडचं असं आहे की एलियासचं काम करणारा नट आजारी पडला. उंची आणि केस जुळतात म्हणून दिग्दर्शकाने मला उभं केलं. मी नाही म्हणणार होतो, पण मावशी तिथेच होती. ती म्हणाली, “तूच कर रे. त्याला तुझ्याइतकं कोण ओळखतं?” तिने घरून त्याचा निळा शर्ट आणून दिला, इस्त्री केलेला.

म्हणून शनिवारी दुपारभर मी एलियास होतो. रस्त्यावरून वळायचं, “सुनिल्दाबाई!” अशी हाक मारायची आणि पडत्या दारातून आत पळायचं. वरून फोमची तुळई पडते. सहा वेळा घेतलं. दरवेळी रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवायचे. मावशी खुर्चीत बसून दोन्ही हात तोंडावर धरून बघत होती. सहाव्या वेळी ती उठली, सगळ्यांसमोर माझा चेहरा धरून कपाळाचा मुका घेतला.

सुनिल्दाबाई कंपनीची जेवणं बनवायला आहेत. त्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या ▬▬▬▬▬▬▬▬▬▬▬

काही नाही. म्हातारी काहीही बडबडते.

तीनला येणं जमत नसेल तर येऊ नकोस. भाडं किती पडतं. उगाच माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस.

फाबियान

*

पोर्व्हेनीर, १० फेब्रुवारी

फाबियान,

तुझं पत्र खिडकीला चिकटवून उन्हात धरलं. तू इतका दाबून खोडतोस की कागद फाटायचाच राहिला होता; पण मागल्या बाजूने अक्षरं उठलीत. ‘आत जाताना’ एवढं वाचता आलं.

आत जाताना काय?

मी तुझ्यावर रागावले नाही. आधी रागावले, मग पत्र पुन्हा वाचलं. तू सहा वर्षांचा असल्यापासून मी तुला ओळखते. तू कुणावर भडकतोस तेव्हा तुझंच काहीतरी चुकलेलं असतं. आमच्या घराची काच फोडलीस तेव्हा आल्या आल्या आमच्याच कुत्र्याला शिव्या घातल्या होत्यास.

मी तुला सगळ्यात चांगली गोष्ट लिहिली आणि तू दात विचकलेस. का?

रजा मिळाली. अठ्ठावीसच्या विमानाचं तिकीट काढलंय. आईला कळवलं, ती पडदे धुतेय. काय असेल ते मी निघायच्या आत लिही. तुझ्या तोंडून समोरासमोर ऐकलं तर तू माझ्या चेहऱ्याकडे बघून गोष्ट बदलशील. तुला ती सवय आहे. कागदावर लिहिलेलं बदलता येत नाही. खोडलंस तरी मी वाचते.

माइते

*

मेलिपिया, १७ फेब्रुवारी

माइते,

सुनिल्दाबाई म्हणाल्या होत्या, “छान पळतोस रे. तुला आत जाताना आज पहिल्यांदाच बघितलं.”

एवढंच. कुत्सितपणे नाही. पळी पातेल्याच्या काठावर आपटून, मीठ पुरे का विचारावं तशा.

आता मुळापासून लिहितो. पाच कागद फाडलेत, हा फाडणार नाही.

तेव्हा दहा दिवस रोज हलत होतं, आठवत असेल. कार्ताहेनाच्या समुद्रकिनाऱ्यावर आम्ही दोघं आठवडाभर होतो, दिवसातून चार-चार वेळा धक्के. खेळच झाला होता. टेबलाशी बसायचं, हलायला लागलं की मोठ्याने आकडे मोजायचे, जो आधी खुर्ची सोडेल तो ग्रिंगो. मग दिवसभर त्याला ग्रिंगोच म्हणायचं, त्याच्याशी तोडकं-मोडकं बोलायचं, ऊन लागेल म्हणून डोक्यावर टोपी चढवायची. एलियास तीनदा हरला होता. त्याला भीती वाटायची, माइते. हे तुला माहीत होतं का? तो हसून नेत असे, पण त्याला खरंच भीती वाटायची.

रविवारी परतताना बस सुनिल्दाबाईंकडे थांबली. संध्याकाळ होती, ऊन होतं. मी वाळवलेल्या पीचचं सरबत घेतलं होतं, त्याने भोपळा-मका घातलेला घेवडा. आम्ही भिंतीकडच्या टेबलाशी होतो. पहिली थरथर आली आणि ते गोरे पळाले. आम्ही सगळे हसलो. एलियास अर्धा उठला. म्हणाला, “फाबो, हा वेगळा आहे.”

मी त्याचं मनगट धरलं आणि टेबलावर दाबलं.

मी हसत होतो. म्हटलं, “बस खाली, ग्रिंगो. चौथ्यांदा?” आणि मोजायला लागलो. एक. दोन. सगळ्या टेबलांवरून लोक बघून हसत होते, कुणीतरी माझ्याबरोबर मोजायलाही लागलं. तीन. चार. तो हात ओढत होता. तो तोंडाने काही बोलला नाही, कारण सगळे बघत होते. मी आणखी दाबलं. पाच. मग आवाज आला. तो आवाज मी दिग्दर्शकाला सांगितलेला नाही, सांगता येत नाही. सहा. समोरच्या भिंतीतून उजेड दिसला. सात म्हणालो की नाही आठवत नाही. मी हात सोडला आणि पळालो.

मी दाराच्या बाजूला होतो. तो भिंतीच्या. त्याला टेबलाला वळसा घालून यायचं होतं. मी मागे वळून बघितलं तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसती धूळ.

तू पाहिलेले वळ माझेच. पण ते त्याला बाहेर ओढणारे नव्हते.

सुनिल्दाबाई मागच्या नळावर भांडी घासत होत्या. त्यांना कुणी वाचवलं नाही, कुणी वाचवायची गरजच नव्हती. धूळ बसली तेव्हा त्या हातात पळी घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. पाऊण तासाने मावशी कुणाच्या तरी ट्रकमधून आली. लोक अजून उकरत होते. तिने मला धडधाकट बघितलं आणि विचारलं, “तू बाहेर आणि तो आत कसा?” मला समोर सुनिल्दाबाई दिसल्या. तोंडातून निघालं, “तो बाईंना काढायला परत गेला.”

माइते, त्या वाक्याने मावशीचा चेहरा बदलला. मी बघितलं ते. ती मटकन बसली, पण तिच्या चेहऱ्याला धरायला काहीतरी मिळालं. ते मी पुन्हा काढून कसं घेणार होतो? असं मी दोन वर्षं स्वतःला सांगतो. खरं म्हणजे त्या वाक्याने माझा चेहराही वाचला.

काल सुनिल्दाबाईंना विचारलं, मग तुम्ही का बोलला नाहीत? म्हणाल्या, “त्याची आई चाळीसाव्या दिवशी माझ्याकडे आली. माझ्या हाताचा मुका घेतला. म्हणाली, माझं लेकरू या हातांसाठी गेलं, हे हात जपा. मी काय सांगू, माझे हात नळाखाली होते म्हणून? तेव्हापासून मी त्याच्या देवळीत मेणबत्ती लावते. माझ्यासाठी मेला नाही, तरी मेलाच ना.”

मी कॉलेज का सोडलं, सगळ्यांना सांगतो प्राध्यापकाशी भांडण झालं. भांडण झालंच होतं. पण वर्गात हजेरी घेताना त्याने माझं नाव घेतलं, मला उठून उभं राहता येईना. तो ओरडला, “उठ!” आणि मी त्याच्यावर पुस्तक फेकलं.

तुझं चोवीस तारखेचं पत्र हातात आलं त्या दिवशी आधी शेवट वाचला आणि दाराला कडी घालून नाचलो होतो. मग वरचं वाचलं. मला वाटलं, गप्प राहिलो तर तू माझी. तुलाच फसवून तुला मिळवायचं. दोन दिवस मी तेच ठरवलं होतं. मग तेही झेपेना; कोकराचं भांडण काढलं, तू स्वतःहून तोडशील आणि मला हे लिहावं लागणार नाही म्हणून. भित्रेपणाचे किती प्रकार असतात, मला सगळे जमतात.

क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही, असं नव्हे. मागितली तर तुला काहीतरी द्यावं लागेल.

फाबियान

*

मेलिपिया, ४ मार्च

माइते,

काल देवळीपाशी सगळे होते. तू नव्हतीस. मावशीने सांगितलं, माइतेला दवाखान्यातून सोडलं नाही. धुतलेले पडदे लावलेले दिसले.

फाबियान

*

पोर्व्हेनीर, ५ मार्च

फाबियान,

अठ्ठावीसला विमानतळावर पोचायला फेरीबोटीत बसले होते. अर्ध्या वाटेत कळलं की देवळीसमोर तुझ्या शेजारी उभं राहायला जमणार नाही. पलीकडच्या काठाला लागले आणि त्याच बोटीने परत आले.

तुझं पत्र मी ड्युटीवर वाचलं. नंतर एक बाळंतपण केलं. मूल बाहेर येताना त्याच्या आईने माझं मनगट धरलं, दरवेळी बायका धरतातच. मी ते सोडवून घेतलं आणि बाहेर जाऊन ओकले.

तुला शिव्या देणारं एक पत्र लिहून ठेवलंय. पाठवलं नाही. ते वाचून तुला बरं वाटेल, म्हणून.

आता जे लिहिते ते तुझं ओझं कमी करायला नाही. आमच्या घरी हा खेळ बाबांनी सुरू केला. रेल्वेत होते, छाती पुढे काढून चालायचे. हलायला लागलं की जेवणाच्या टेबलावर आमचे हात आपल्या पंजाखाली धरायचे, एका बाजूला माझा, एका बाजूला एलियासचा. “चिलीची पोरं खुर्ची सोडत नाहीत.” आणि मोजायचे. एलियास चड्डीत मुतायचा. मी त्याला हसायचे. बाबा गेल्यावर कधी हलायला लागलं तर त्याचा हात मी धरायचे. म्हणजे कुणी मनगट धरल्यावर गप्प बसायला तो कुठे शिकला ते मला ठाऊक आहे. हात न ओरडता ओढायचा. हे आमच्या घरातलं. पण सात आकडे तुझेच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, ते त्या चार वळांवर उभं होतं. आता काही नाही. ‘नाही’सुद्धा नाही.

एक काम सांगते. आईला तूच सांगायचं. माझ्यामार्फत नाही, पाद्र्यामार्फत नाही, पत्राने नाही. तिच्या घरी, तिच्या टेबलाशी. आणि ती काय म्हणाली ते मला जसंच्या तसं लिहायचं. एक शब्द गोड करायचा नाही.

माइते

*

मेलिपिया, १५ मार्च

माइते,

आज दुपारी गेलो होतो. जसंच्या तसं लिहितो.

त्याआधी सिनेमाचं. शुक्रवारी दिग्दर्शकाला जाऊन सगळं सांगितलं, म्हणजे ते एलियासचं नाव घालणार नाहीत. वाटलं, हाकलून देईल. त्याचे डोळे चमकले. दुभाष्याला म्हणाला, याला सांग, हे हजारपट भयंकर आहे, मला तो हात हवाय, टेबलावरचा. मी त्याच्या अंगावर भिंतच ढकलली. फोमची होती. त्याच्या डोक्यावर पडून उडाली, त्याला लागलंसुद्धा नाही. लोक हसले. मी अंगातला एलियासचा शर्ट काढला, घडी घातली आणि निघालो.

मावशी घेवड्याच्या शेंगा सोलत बसली होती. शर्ट बघून म्हणाली, “धुवायचा नव्हता ना? मी धुतला असता.” मग म्हणाली, “बस, जेवूनच जा.” मी भिंतीकडच्या खुर्चीत बसलो आणि सांगितलं. तुला लिहिलं तसंच, त्याच क्रमाने. ती शेंगा सोलत राहिली. मी पाचवर आलो तेव्हा सोललेले दाणे सालांत टाकायला लागली आणि सालं भांड्यात. माझं संपलं. चुलीवर पातेलं खदखदत होतं.

आणि माइते, तेव्हा हललं. तू म्हणशील, हा गोष्ट रंगवतोय. शेजारणीला विचार, सव्वाची वेळ, काहीच नव्हतं, दिवा हलला आणि कपाटातल्या बश्या वाजल्या. मावशीने सवयीने टेबलावर पंजा ठेवला. म्हणाली, “जाईल.”

मी तिचं मनगट धरलं. कधी उठलो कळलं नाही. तिला ओढत, खुर्ची पाडून, दाराबाहेर अंगणात द्राक्षाच्या मांडवापलीकडे नेलं. तोवर थांबलंही होतं. एक कौल हललं नाही. कुंपणावरून शेजारीण बघत होती, हसायला लागली. “काय ग एदुविहेस! एवढ्याशाला? ग्रिंगा झालीस की काय?”

मावशीने तिच्याकडे बघितलं नाही. ती आपल्या हाताकडे बघत होती. मी अजून सोडला नव्हता.

म्हणाली, “असाच धरला होतास?”

मी म्हटलं, “हो.”

“याहून घट्ट?”

“हो.”

“मग धर.”

मला जमेना. ती म्हणाली, “धर म्हणते ना!” मी धरलं. मग तिने मोजायला सुरुवात केली. सावकाश नाही, भराभरही नाही, तुझे बाबा मोजत असतील तसं. एक. दोन. शेजारणीचं हसू थांबलं. तीन. चार. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला दुसरीकडे बघता येईना. पाच. सहा. सात.

“सोड,” म्हणाली. मी सोडलं.

मनगट चोळत ती म्हणाली, “बराच वेळ असतो रे.”

मग ती आत गेली. मला वाटलं, दार लावून घेईल. चुलीचा गॅस बंद केल्याचा आवाज आला. ती एक खुर्ची घेऊन बाहेर आली, मांडवाबाहेर उघड्यावर ठेवली. पुन्हा आत गेली, दुसरी आणली. तिसरी. चौथी, ती एलियासची, पाठीमागे खिळ्याने नाव कोरलेली. मग टेबल ओढायला लागली. मी पुढे झालो तर म्हणाली, “हात लावू नकोस.” दारात अडकलं तेव्हा शेजारणीने येऊन धरलं.

मी म्हटलं, “मावशी, ती देवळी... लोकांना सांगू का मी?”

ती म्हणाली, “देवळीला काय झालंय? लोकांची कामं होतात तिथे. सुनिल्दाला मात्र मी भेटेन. तिचा हात धरून रडले होते मी, बिचारी.” मग एकच ताट वाढून घेतलं आणि बसली.

मी खुर्चीकडे गेलो. म्हणाली, “बसू नकोस. तू उभा राहा तिथे, मला दिसशील असा.”

मी विचारलं, “का?”

“पळतोस का बघते.”

माझ्यावर ऊन होतं. तिने सावकाश जेवण केलं, पावाने ताट पुसलं, वर टरबूजही खाल्लं. मधे एकदा डोळे पुसले, त्याच हाताने. वळ उठले होते, मला लांबून दिसत होते. शेजारीण कुंपणापाशी शेवटपर्यंत उभी होती. मी उभा होतो. जेवण झाल्यावर ताट घेऊन ती आत गेली, जा म्हणाली नाही आणि थांबही म्हणाली नाही. आतून भांडी घासल्याचा आवाज थांबेपर्यंत मी तिथेच होतो.

पुढच्या रविवारी ये, असं ती म्हणालेली नाही. मी जाणार आहे. बसायला सांगितलं नाही तरी.

‘तुझ्या उत्तराची वाट बघत नाही’ असं शेवटी लिहायचं ठरवलं होतं. लिहिलं नाही, खोटं झालं असतं. बघतो. तू दिलं नाहीस तरी बघेन.

त्या टेबलाचं अजून काही ठरलेलं नाही. ते बाहेरच आहे. खुर्च्याही. चारही.

फाबियान